नाणेघाटाची वाट: जुन्नरमधला एक दिवस

जुन्नरला एका दिवसासाठी येणारे बहुतेक लोक सकाळी लेण्याद्रीचा गणपती करतात, दुपारी शिवनेरीवर जातात आणि संध्याकाळी परतीच्या वाटेला लागतात. दोन्ही ठिकाणं पाहण्यासारखी आहेत, यात वाद नाही. पण शिवनेरीला स्वतंत्र दिवस द्यावा. १९ फेब्रुवारी १६३० ला जिथे शिवराय जन्मले तो गड दोन तासांत उरकायचा नसतो. या प्रकरणातली सहल वेगळी आहे. ती नारायणगावाहून पश्चिमेला निघते, लेण्याद्री आणि तुळजा लेणी पाहते, जुन्नरमध्ये जेवते आणि नाणेघाटाच्या तोंडाशी, जिथे दख्खनचं पठार संपून खाली कोकण दिसतं, तिथे संपते. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. जुन्नरची लेणी, इथली बाजारपेठ आणि इथलं जेवण या तिन्हींच्या मुळाशी एक घाट आहे. तो शेवटी पाहिला की सकाळपासून पाहिलेलं सगळं जागेवर बसतं.

जुन्नरला २०१८ मध्ये राज्य शासनाने पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. तेव्हापासून फलक वाढले, रस्ते सुधारले. तरीही स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तुळजा लेण्यांची पायवाट पावसाळ्यानंतर गवतात हरवते. घाटाच्या काठावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा कडा दिसत नाही. शिवाय दगडात कोरलेला लेख नेमका कुठे आहे, हे दाखवणारं माणूस सोबत नसेल, तर डोळ्यांसमोर असूनही तो दिसत नाही. घाटघर, अंजनावळे या बाजूच्या महादेव कोळी वस्त्यांतली मुलं ही वाट लहानपणापासून तुडवतात. त्यांच्यातलाच एक जण आदल्या दिवशी ठरवून घ्यावा.

पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर. सकाळी लवकर पोचलात तर टोमॅटोचे क्रेट भरलेल्या गाड्यांची रांग दिसेल. राज्यातल्या टोमॅटोच्या मोठ्या बाजारांत नारायणगावची गणना होते. हे तमाशाचंही गाव. हंगामाआधी फडमालकांच्या राहुट्या इथेच पडतात आणि गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या इथेच ठरतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. चहा घ्या आणि पुढे निघा, कारण उन्हं चढायच्या आत लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून झालेल्या बऱ्या.

जुन्नर शहरातून उत्तरेला कुकडी ओलांडली की लेण्याद्रीचा डोंगर समोर येतो. पायथ्याला क्षणभर थांबून डोंगराकडे नीट पाहावं. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला. एक थर थंड व्हायचा, मग त्यावर दुसरा पसरायचा. हे थर आजही डोंगराच्या अंगावर आडव्या पट्ट्यांसारखे वाचता येतात. टणक, एकसंध थराचे कडे झाले. पोकळ्यांचा, भुसभुशीत थर झिजून त्याच्या माच्या झाल्या, तिथे माती साठली, झाडी वाढली, वस्त्या बसल्या. सह्याद्रीचा कडा-माची-कडा हा जिना असा तयार झाला. लेणी खोदणाऱ्यांना भूगर्भशास्त्र शिकवायला कोणी नव्हतं, पण दगड त्यांना कळत होता. लेण्याद्रीची तीसच्या आसपास लेणी डोंगराच्या दक्षिण अंगावर जवळजवळ एका रेषेत आहेत, कारण छत पेलेल असा कातळ त्या पट्ट्यात मिळाला.

तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर गर्दी सरळ सातव्या लेण्यात शिरते. अष्टविनायकांतला गिरिजात्मज तिथे आहे. दर्शन घेऊन झाल्यावर लगेच मागे वळू नका. ज्या दालनात तुम्ही उभे आहात तो मुळात बौद्ध विहार आहे. तिन्ही बाजूंना भिक्षूंच्या वीस खोल्या, आणि मध्ये एवढं मोठं दालन असूनही आधाराला एकही खांब नाही. वरचा सगळा डोंगर त्या सपाट छताने दोन हजार वर्षांच्या जवळपास पेलला आहे. खोदकाम वरून खाली होत असे. आधी छत पूर्ण करायचं, मग खाली उतरत जायचं. त्यामुळे पाडाची गरज पडत नसे, पण एक घाव चुकला तर तो भरून काढायची सोयही नसे.

शेजारचं सहावं लेणं म्हणजे चैत्यगृह. तिथे बहुतेक वेळा शांतता असते. दोन्ही बाजूंना खांबांची ओळ, खांबांच्या पायाशी आणि माथ्यावर घटाचा आकार, त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले हत्ती आणि सिंह, टोकाला स्तूप. छताकडे पाहिलं की दगडात कोरलेल्या कमानदार फासळ्या दिसतात. त्या काही पेलत नाहीत. लाकडी सभागृहाच्या छताला अशा तुळया लागत, म्हणून इथे दगडातही त्या कोरल्या. लाकडात काम करणाऱ्यांची सवय दगडात उतरलेली दिसते ती अशी.

वाटाड्याला इथला लेख दाखवायला सांगा. हे चैत्यगृह कोणी दिलं, ते त्यात लिहिलं आहे: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त. हेरणिक म्हणजे सोन्याचा, नाण्यांचा व्यवहार पाहणारा. कल्याण म्हणजे आपलं ठाण्याशेजारचं कल्याण, जे त्या काळी समुद्री व्यापाराचं बंदर होतं. खाडीकाठच्या सराफाच्या मुलाने सह्याद्रीच्या पलीकडच्या डोंगरात एवढं मोठं लेणं का द्यावं? या प्रश्नाचं उत्तर दुपारी घाटमाथ्यावर मिळतं, म्हणून तो डोक्यात ठेवून खाली उतरावं.

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, शिवनेरी, मानमोडी आणि तुळजा इथे मिळून दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. महाराष्ट्रात एका गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडे नाहीत. अजिंठा-वेरुळात भव्यता आहे, चित्रं आहेत, शिल्पं आहेत. जुन्नरमध्ये त्या मानाने साधेपणा आहे आणि म्हणूनच प्रवासी नाराज होतात. पण जुन्नरचं वैभव लेखांत आहे. कोणी किती दिलं आणि कशासाठी दिलं, याची नोंद इथल्या भिंतींवर आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे लोकांनी ठेवी ठेवल्या, म्हणजे या कारागिरांच्या संघटना त्या काळी पतपेढीचंही काम करत. एका शक उपासकाने शेतांचं उत्पन्न करंजाची आणि वडाची झाडं लावण्यासाठी लावून दिलं. इरिल नावाच्या यवनाने (त्या काळी ग्रीकांना यवन म्हणत) पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. हे दोन्ही लेख शिवनेरीच्या लेण्यांत आहेत. पाणी, सावली, जेवण आणि पावसाळ्यात डोक्यावर छप्पर: वाटसरूला जे लागतं तेच इथे दान झालं आहे. राजाचं नाव या भिंतींवर फार क्वचित येतं.

तुळजा लेणी जुन्नरच्या पश्चिमेला, पाडळी गावाजवळच्या डोंगरात आहेत. गाडी लावून थोडं चालावं आणि चढावं लागतं. पुढचा कातळ कधीतरी कोसळला, त्यामुळे लेण्यांचे दर्शनी भाग उघडे पडले आहेत, ओटे तुटले आहेत. पहिल्या नजरेला पडझडच दिसते. तरीही मला एकच लेणं पाहायची मुभा असेल, तर मी जुन्नरमध्ये हेच निवडेन. इथलं चैत्यगृह पूर्ण गोल आहे. मधोमध स्तूप, त्याच्याभोवती बारा अष्टकोनी खांबांचं कडं आणि स्तूपाच्या वर घुमट. लेण्याद्रीसारखं लांबट दालन नाही, नक्षी नाही, प्राण्यांची शिल्पं नाहीत. स्तूपाला प्रदक्षिणा घालायची, एवढ्या एका क्रियेसाठी ही जागा कोरली आहे. खांबांच्या बाहेरून फिरताना स्तूप खांबांमागे लपतो आणि पुन्हा दिसतो. असं खांबांचं कडं असलेलं गोल लेणं भारतात जवळपास नाहीच. काळ इसवी सनपूर्व पहिल्या शतकाचा मानतात. म्हणजे जुन्नरच्या सुरुवातीच्या लेण्यांपैकी हे एक आहे. शेजारच्या एका लेण्यात तुळजाभवानीचं ठाणं आहे, त्यावरून डोंगराला हे नाव. नवरात्रात इथे गावकरी येतात, एरवी मधमाश्यांची पोळी आणि पारवे. मोठ्याने बोलू नये, शेकोटी तर अजिबात करू नये. पोळं उठलं तर पळायला जागा नाही.

एव्हाना भूक लागते. जुन्नरमध्ये जेवायचं ते मासवडी. ही घाईत होत नाही, म्हणून जेवणाची ऑर्डर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावी, शक्यतो एखाद्या घरगुती खानावळीत. जमलं तर अर्धा तास आधी जाऊन ती होताना पाहावी. तीळ, सुकं खोबरं, खसखस वेगवेगळं भाजायचं, कांदा तेलावर लाल करायचा, लसूण, मिरची, कोथिंबीर घालून सगळं जाडसर वाटायचं. हे सारण. मग कढईत तेल, हिंग, हळद, तिखट, मीठ आणि पाणी उकळवून त्यात बेसन पेरायचं आणि घट्ट गोळा होईपर्यंत घाटायचं. खरी कसोटी इथून पुढे. ओलं फडकं परातीवर पसरायचं, तो गरम गोळा त्यावर टाकून पाण्याचा हात घेत घेत पातळ थापायचा, मधोमध सारणाची ओळ घालायची आणि फडक्यानेच दोन्ही बाजू उचलून एकमेकींवर आणायच्या. बेसन गार झालं तर चिरतं, म्हणून हात भाजला तरी थांबता येत नाही. फडक्यातच दाबून वडीला माशासारखा निमुळता आकार देतात. सुटं केल्यावर वरच्या अंगावर फडक्याच्या विणीची नक्षी उमटलेली असते. मग आडव्या वड्या कापतात. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा. वडी रश्श्यात बुडवून ठेवू नये. ताटात कोरडी घ्यावी, खाताना बुडवावी, नाहीतर आतला तिळा-खोबऱ्याचा स्वाद रश्श्यात निघून जातो.

या ताटात इथला भूगोल आहे. जुन्नरच्या पूर्वेला पाऊस कमी, म्हणून बाजरी, तीळ, हरभरा, आणि आता कालव्याच्या पाण्यावर ऊस, द्राक्षं, टोमॅटो. खोबरं मात्र इथलं नाही, ते कोकणातून येतं. आठवडी बाजारात सुकट आणि बोंबिलांची गोणपाटं दिसतात, तीही खालच्या किनाऱ्याची. ट्रक येण्याआधी मीठ, खोबरं, सुकी मासळी घाट चढून बैलांच्या पाठीवरून वर यायची आणि धान्य खाली उतरायचं.

दुपारी दीड-दोनला नाणेघाटाकडे निघावं. तीस-पस्तीस किलोमीटरचा हा रस्ता माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या कडेने, आपटाळे आणि चावंड गडाच्या बाजूने पश्चिमेला जातो. शेतांकडे लक्ष ठेवा. ऊस मागे पडतो, बाजरी मागे पडते आणि भाताची खाचरं सुरू होतात. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटाच्या भिंतीला धडकून वर उचलले जातात आणि बहुतेक पाऊस माथ्यावरच सांडतात. पूर्वेला सरकाल तसा पाऊस घटत जातो. एका तालुक्यात भात आणि बाजरी दोन्ही मुख्य अन्न असण्याचं कारण एवढंच आहे. पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांच्या घरी भात, नाचणीची भाकरी, हुलग्याच्या पिठाच्या शेंगोळ्या आणि पावसाळ्यात रानभाज्या असतात. उन्हाळ्यात अंगणात काळे सुरकुतलेले दाणे वाळत घातलेले दिसले, तर तो बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ. औषधांसाठी त्याला मागणी असते आणि इथल्या कितीतरी घरांचा वर्षाचा रोख पैसा त्यावरच येतो.

वाटेत पूर गावात कुकडेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं पाहायला पंधरा मिनिटं पुरतात. सकाळी ओलांडलेल्या कुकडीचा उगम याच परिसरात आहे. पुढे घाटघर. डावीकडे जीवधन किल्ला आणि त्याला लागून उभा वानरलिंगी सुळका, साडेतीनशे फुटांच्या आसपास सरळसोट. लाव्हाचे सगळे थर त्याच्या अंगावर मोजता येतात.

नाणेघाटाशी पठार एकदम संपतं. डोंगरकड्यात एक अरुंद फट आहे, ती माणसांनी कोरून रुंद केली आहे. उजव्या हाताला अंगठ्यासारखा उठलेला कडा, त्याला नानाचा अंगठा म्हणतात. खाली मुरबाडचं कोकण, समोर गोरखगड, मच्छिंद्रगडाचे सुळके. पावसाळ्यात खालून येणारा वारा एवढा जोराचा असतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. ते पाहायला झुंबड उडते आणि दरवर्षी कोणी ना कोणी काठाशी धोका पत्करतं. शेवाळलेल्या कातळावर काठापासून दोन माणसं लांब राहावं.

फटीच्या सुरुवातीला एका अखंड दगडाचा मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत, असं परंपरेने सांगतात. फटीतून दगडी वाटेने थोडं खाली उतरलं की गुहा लागते. विहार नाही, चैत्य नाही. खोल्या नाहीत, स्तूप नाही. तीन बाजूंना बाक आणि भिंतींवर लेख. १८२८च्या उन्हाळ्यात विल्यम साइक्सने या लेखांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं, पुढे भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर, मिराशी अशा विद्वानांनी त्यांचं वाचन केलं. समोरच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आता पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. वर ब्राह्मी लिपीत नावं आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. राजघराण्याच्या व्यक्तींच्या नावानिशी कोरलेल्या प्रतिमांचं भारतातलं हे फार जुनं उदाहरण आहे.

डाव्या-उजव्या भिंतींवरचा लांब लेख नागनिका राणीचा. तीच वरची नायनिका. भाषा प्राकृत. सातकर्णीच्या निधनानंतर तिने राज्यकारभार पाहिला. या लेखात तिने पतीबरोबर केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. अश्वमेध, राजसूय ही नावं त्यात येतात. दक्षिणेत कुठे १,७०० गायी, कुठे ११,००० गायी आणि १,००० घोडे, कुठे २४,४०० कार्षापण नाणी. हे आकडे अक्षरांत नाहीत, अंकचिन्हांत कोरले आहेत, आणि त्यामुळे गणिताच्या इतिहासात नाणेघाटाचं नाव कायम घेतलं जातं.

अंक कसे लिहीत, ते इथे उभं राहून समजून घेता येतं. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या रेघा. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. सातशेसाठी शंभराला सात. वीस हजारांसाठी हजाराच्या चिन्हाला वीस जोडायचे. मग २४,४०० म्हणजे तीन चिन्हं ओळीत: वीस हजार, चार हजार, चारशे. शून्याची गरजच पडत नव्हती, कारण जागेवरून किंमत ठरत नव्हती. दशमान स्थानमूल्याची पद्धत रुळायला पुढे काही शतकं जायची होती. पण आज आपण लिहितो त्या अंकांचे पूर्वज या भिंतीवर आहेत. वाटाड्याला सांगून दोन आडव्या रेघांचा अंक शोधा. सापडला की बाकीची चिन्हं आपोआप दिसू लागतात.

आता सुलसदत्ताकडे परत येऊ. समोर खाली जी वाट उतरते, ती वैशाखरे गावी पोचते आणि तिथून कल्याणला. सोपारा, कल्याण या बंदरांतला माल या फटीतून वर चढायचा, जुन्नरच्या बाजारात थांबायचा आणि पुढे सातवाहनांच्या पैठणकडे जायचा. घाटाच्या वाटेवर जागोजाग पाण्याची टाकी कोरलेली आहेत ती तांड्यांसाठी. चढून आलेल्या माणसाला पहिली मोठी पेठ जुन्नर. तिथल्या विहारात त्याला आसरा मिळे, पाणी मिळे, व्यवहारासाठी श्रेणी होत्या. कल्याणच्या सराफाच्या मुलाने इथे लेणं द्यावं, यवनाने टाकी खोदावीत, धान्य व्यापाऱ्यांनी खोल्या कोराव्यात, हे सगळं ज्या वाटेच्या जिवावर झालं ती ही वाट. घाट नसता तर जुन्नरच्या डोंगरांत दोनशे लेणी झाली नसती, असं मला वाटतं. आणि राणीने आपल्या घराण्याची नावं राजधानीऐवजी या चढणीवर का कोरून ठेवली, तेही इथे आल्यावर कळतं. राज्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण ती पाहणार होता.

गुहेत जाताना तीन गोष्टी पाळा. अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू घासू नका, पाणी ओतू नका. दोन्हींमुळे कातळाचा पापुद्रा सुटतो आणि अक्षर गेलं की गेलं. भिंतीवर नावं खरडणाऱ्यांना तिथल्या तिथे अडवा. काही ओळींवर आधीच ओरखडे आहेत. आणि घाटघरमध्ये परतताना एखाद्या घरी चहा-भाकरी घ्या, वाटाड्याला ठरल्यापेक्षा हात आखडू नका. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ या सहलीला सर्वांत चांगला. अंधार पडायच्या आत आपटाळ्याच्या पुढे निघा, कारण जुन्नरच्या उसात बिबटे आहेत आणि संध्याकाळी ते रस्त्यावर येतात.